जाळी सैल झाली ते दिवस

आधी सावंत काकूंचं नाव लिहिते, मग आजाराचं. उलटं केलं तर आजार लिहितालिहिताच दमून जाईन आणि त्यांचं राहून जाईल. काकू नाहूरला आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, चाळीत तळमजल्यावर राहतात. वय पासष्टच्या पुढे, गाव मालवणकडचं. नात्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. त्यांचे ब्लाउज मी शिवते, एवढीच ओळख होती. माझ्या मापांच्या वहीत त्यांचं माप आहे: छाती अडतीस, बाही नऊ, हुक पुढून, कारण त्यांचा उजवा हात पाठीमागे जात नाही.

ही लिहायची वही मला हॉस्पिटलातल्या समाजसेविका मॅडमनी दिली. म्हणाल्या, तुमच्यासारख्या बायका येतात, घाबरतात, गप्प बसतात. त्यांच्यासाठी लिहा. मी सहावीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ त्या बघणार आहेत. बाकी जसं झालं तसं लिहिते.

*

मी हिंगोलीकडची. लग्न करून मुंबईत आले त्याला सतरा वर्षं झाली. सोनालीचे पप्पा पवईला एका टॉवरवर वॉचमन आहेत, बारा तासांची ड्यूटी. मी घरी मशीन चालवते. ब्लाउज, फॉल-बिडिंग, अल्टर. सोनाली आमची एकुलती, तेरा वर्षांची.

मिश्रीची सवय मला आईकडून लागली. आमच्याकडे ते व्यसन आहे असं कोणी म्हणत नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, सकाळी दातांना लावायची. लावली नाही तर पोट साफ होत नाही असं म्हणतात. मी लहानपणापासून लावत आले. मग उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आला, त्याचा फोड झाला, तिखट लागायला लागलं. मला वाटलं दाढ आहे. पाच-सहा महिने लवंग धरून काढले. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणी आत्ता लवंग धरून बसली असेल.

दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बघितलं, दिवा बंद केला आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मग उद्या कोणाला तरी घेऊन या."

आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण मला तिथेच कळलं. घरी चालत आले. वाटेत एका बाईचा ब्लाउज द्यायचा होता, तो दिला. ती म्हणाली, बाही थोडी घट्ट होते. मी म्हटलं, द्या, सोडून आणते. घरी येऊन बाही सोडली आणि मग रडले.

तुकडा काढून तपासला, रिपोर्ट आला. त्या दिवशी सोनालीचे पप्पा हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "किती सांगितलं होतं तुला." खरं तर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातून स्वतःची तंबाखूची पुडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाला कोणावर तरी चिडायचं होतं आणि समोर मीच होते.

*

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्याचं जास्त लिहीत नाही. त्यानंतर लाईट घ्यायचे ठरले. आमच्याकडे किरणोपचाराला सगळे लाईटच म्हणतात. एकूण तीस. आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी.

सोनालीला गावी सासूबाईंकडे पाठवलं. आमची खोली टेकडीवर, एकशेचार पायऱ्या. ऑपरेशननंतर मला त्या चढवेनात. सावंत काकू एकट्या राहायच्या. त्या स्वतःच वर आल्या, माझी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चल गो. खाली जागा आसा. तुझ्या मशीनीक पण आसा." सोनालीचे पप्पा म्हणाले, काकू, कशाला उगीच. काकू म्हणाल्या, "तू ड्यूटीवर जा. तुझ्याच्यान काय व्हनार नाय."

ते त्यांना लागलं. पण ते ड्यूटीवर गेले, कारण खरंच दुसरं काही होणार नव्हतं.

लाईट सुरू व्हायच्या आधी जाळी बनवतात. चेहरा हलू नये म्हणून. प्रणाली नावाची मुलगी तिथे काम करते, लाईटच्या मशीनवर. तिने गरम पाण्यातून एक पांढरा पत्रा काढला. पत्रा म्हणते, पण तो ओल्या पापडासारखा लिबलिबीत होता, त्याला बारीक भोकं. तो तिने माझ्या चेहऱ्यावर टाकला आणि कपाळ, नाक, हनुवटी, मान असं बोटांनी दाबत आणलं. कोमट लागत होतं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेतली, माझं माप असं कोणी घेतलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी भीती नाही वाटली, बरं वाटलं.

गार झाल्यावर ती जाळी कडक झाली. दुसऱ्या वेळी ती चेहऱ्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी टेबलाला टाक-टाक अडकवली तेव्हा मात्र जीव घाबरला. डोळे उघडता येत नाहीत, गिळलं तरी जाळी लागते. सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं. आपण आणि मशीनचा आवाज.

त्यावर मी एक उपाय काढला. मनात ब्लाउज शिवायचा. कापड ओलं करून सुकवलं, घडी घातली, पाठ कापली, पुढचे भाग कापले, टक्स मारले, बाही जोडली. काजा-बटणापर्यंत आले की मशीन थांबायचं. तुम्हाला भाकरी करता येत असेल तर भाकरी करा. हातांना येतं ते काम मनात केलं की वेळ जातो.

*

रोजचं ठरलेलं होतं. बसने मुलुंड, मग नंबर घेऊन बाकावर. काकूंच्या पिशवीत स्टीलच्या डब्यात पेज, वरून चिमटीभर मीठ. दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. पाणी पिताना विस्तव गिळल्यासारखं व्हायचं. आवाज गेला. काकू पेजेचा चमचा धरून बसायच्या. मी मान फिरवली की म्हणायच्या, "बघू नको असा. माझ्या हातची पेज आमचो रेडो पण खातलो."

दुपारी दोन वाजता सोनालीचा फोन यायचा. मला बोलता यायचं नाही, म्हणून आमचं ठरलं होतं. मी फोनवर नखाने टकटक करायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"आई, जेवलीस?"

टक.

"खोटं?"

टक टक.

"खूप दुखतं का गं?"

टक टक.

ते सगळं खोटं होतं. तिलाही ते कळत होतं, कारण एके दिवशी ती म्हणाली, "आई, तू एकदा तरी खरं वाजव ना." मी फोन काकूंच्या हातात दिला.

*

आता माझी चूक लिहिते.

लाईटच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वजन सांभाळा. फार घटलं तर प्लॅन बदलावा लागेल. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. मग तिसऱ्या आठवड्यात बाकावर एक गोष्ट झाली. गोवंडीचे एक आजोबा रोज आमच्या समोर बसायचे, सुनेबरोबर. एक दिवस ती सून काकूंना म्हणाली, "आमच्या बाबांचा प्लॅन बदलला." चेहरा उतरलेला. दुसऱ्या दिवसापासून ते आजोबा दिसले नाहीत. आठवडाभर दिसले नाहीत.

मी कोणाला विचारलं नाही. मनातच जोडून टाकलं, की प्लॅन बदलला तो माणूस येत नाही.

आणि मी तर रोज उतरत होते. नाकातून जेवणाची नळी घातली होती तरी. माझेच ब्लाउज मी दोनदा आत घेतले. दर सोमवारी नर्सच्या टेबलाजवळ वजन करायचे. त्या सोमवारी सकाळी मी माझी मोठी कात्री घेतली, कपडे कापायची, लोखंडी, चांगली जड. जुन्या बाहीत गुंडाळली आणि साडीच्या आत कमरेला बांधली. दुसऱ्या बाजूला कापताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवायचं लोखंड. काट्यावर चढले. नर्स म्हणाली, छान, मागच्या वेळेइतकंच आहे.

कात्री वजन भरून काढते, पण गाल कशाने भरणार. जाळी सैल झाली. आधी कपाळावर भोकांचे ठसे उठायचे, ते उठेनात. आत मान इकडेतिकडे होऊ लागली. प्रणाली रोज विचारायची, "ताई, घट्ट आहे ना?" मी बोट वर करायचे. आणि हनुवटी वर रेटून, मान ताठ करून पडायचे, म्हणजे जाळी लागेल. तसं फार वेळ राहता येत नाही. मान दमते, खाली येते. लाईटच्या आधी मशीन फोटो काढतं, तो रोज चुकायला लागला. प्रणाली आत यायची, जाळी काढायची, परत लावायची. "ताई, हलू नकोस ना. फोटो जुळतच नाहीये यार." मी परत मान रेटायचे.

शिवणाऱ्या बाईने हे केलं. मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगते, श्वास आत घेऊन माप देऊ नका, मग ब्लाउज बसला नाही तर मला बोलू नका.

*

पुढच्या सोमवारी काकू माझ्याबरोबर काट्यापर्यंत आल्या. एरवी त्या बाकावरच बसायच्या. नर्सने वजन सांगितलं, तेवढंच. मी उतरले. काकूंनी माझ्या कमरेला हात घातला, आधार दिल्यासारखा, आणि त्यांचा हात कात्रीवर पडला.

त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. पदराआड बाही सोडवली, कात्री बघितली, दुसऱ्या बाजूचं लोखंडही काढलं.

"काय गो, डाक्टरणीचो कोट बेतूक इलंस?"

मी हात जोडले.

"ब्लाउज दोनदा आत घेतलंस आणि काट्यार वजन तितक्याच? माका येडी समाजलंस?"

मी त्यांचा पदर धरला. आवाज नव्हताच, नुसता वारा निघत होता. म्हटलं, काकू, नको. जाळीत मी मान रेटून पडते तेही कळेल, प्लॅन बदलतील. सोनाली गावी आहे.

"गप ऱ्हव. तुझ्या चेडवासाठी, सोनालीसाठीच सांगतंय."

मग त्या बाकावर बसल्या. मला वाटलं पाय दुखतात. पण त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या आणि हळू बोलायला लागल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भांडुपला एका कारखान्यात. त्यांना हाच आजार, घशाचा होता. दुसऱ्या हॉस्पिटलात लाईट चालले होते. मलाही हे तेव्हाच कळलं. इतके दिवस त्या रोज माझ्याबरोबर त्या बाकावर बसत होत्या, एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

"ह्यांची पण जाळी सैल झालेली," काकू म्हणाल्या. "घरी येऊन माका सांगायचे. म्हणायचे, सुटलो, आता टोचत नाय. माका दिसत होतं गो, सदरा खांद्यावरून उतरत होता. मी म्हटलं, डाक्टरांना सांगूया. हे म्हणाले, गप, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी गप्प बसले."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. यजमान गेले एवढं मला माहीत होतं. गप्प बसल्यामुळेच तसं झालं असं डॉक्टर कधी म्हणाले नसतील. पण काकूंच्या मनात ते तसंच बसलंय.

त्या उठल्या, माझं मनगट धरलं आणि लाईटच्या दारापर्यंत गेल्या. प्रणाली बाहेर आली.

"ह्या बायचा वजन खोटा आसा," काकू म्हणाल्या आणि कात्री आणि लोखंड तिच्या हातात ठेवलं. "आणि ती जाळीत मान वर करून झोपते. विचार तिला."

प्रणालीने कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला आधी हसू आलं, मग नाही. "ताई, अगं कात्री? वेडी आहेस का तू? आम्ही रोज डोकं धरून बसतोय. फोटोत गाल आत गेलेला दिसतोय, आणि कागदावर वजन तेवढंच." तिने मला आत नेऊन जाळी लावली आणि म्हणाली, मान सोड, एकदम सोड. मी सोडली. तिने जाळीच्या आत बोटं घातली. "बघ. माझी दोन बोटं जातात."

मला रडायचं होतं, पण जाळीत रडता येत नाही, नाक भरतं.

*

डॉक्टर मॅडम मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर एक चेहरा काढला, त्याच्या आत दुसरा बारीक चेहरा काढला. म्हणाल्या, आपण मोठ्या चेहऱ्याच्या हिशोबाने लाईट ठरवला होता. आता तुम्ही या बारीक चेहऱ्याएवढ्या झालात. त्याच हिशोबाने देत राहिलो तर जिथे हवा तिथे कमी पडेल आणि मणक्याजवळ, लाळेच्या ग्रंथींवर जास्त पडेल. म्हणून नवी जाळी, नवा स्कॅन, नवा प्लॅन.

मी कागदावर लिहिलं: पहिल्यापासून?

"नाही हो. एकोणीस झाले ते झाले. उरलेले अकरा नव्या मापाने."

मी लिहिलं: अल्टर.

"हो," त्या म्हणाल्या. "अल्टरच."

मग मी आणखी एक लिहिलं. मी इतके दिवस मान वर केली, त्याने काय झालं? त्यांनी रोजचे फोटो परत बघितले. म्हणाल्या, फोटो जुळल्याशिवाय लाईट देत नाही, म्हणून तर तुम्हाला सारखं उठवत होतो. फार फरक पडला नसावा. पण पुन्हा असं करू नका.

नसावा, असं म्हणाल्या. तो शब्द मी अजून सोबत घेऊन फिरते.

नवा प्लॅन तयार होईपर्यंत दोन दिवस लाईट बंद होते. ते दोन दिवस सगळ्यात वाईट. काकूंच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. लाईट चालू असताना भीती वाटायची, बंद झाल्यावर जास्त वाटली. सोनालीचे पप्पा ड्यूटीवरून सरळ आले, दारातच उभे राहिले. काकूंनी त्यांना कात्रीचं सांगितलं. ते आत येऊन माझ्या पायांशी बसले. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? मी एवढा वाईट आहे का?" ते माझे पाय दाबत बसले. सतरा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, म्हणजे मी वाचत नाही बहुतेक.

तिसऱ्या दिवशी नवी जाळी घातली. घट्ट. कपाळावर भोकांचे ठसे उठले. त्या दिवशी दोन वाजता फोन आला.

"आई, दुखतं का?"

मी एकदाच वाजवलं.

तिनेही तिकडून एकदा टक केलं. मग म्हणाली, "हं. आता मला खरं वाटलं."

आणि ते गोवंडीचे आजोबा. नव्या प्लॅनमुळे माझी वेळ सकाळची झाली, तर ते बाकावर बसलेले, पातळ ताक पीत. त्यांचाही प्लॅन बदलला होता आणि वेळही. एवढंच झालं होतं. त्यांच्या सुनेचा चेहरा उतरला होता, कारण सकाळच्या वेळेमुळे तिची नोकरी जाणार होती. मी विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

*

तीस पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी प्रणालीने विचारलं, जाळी घरी नेतेस? मी नको म्हटलं.

वर्ष होत आलं. तपासणीला जाते, आतापर्यंत ठीक म्हणतात. तोंडाला ओल कमी आहे, बाटली जवळ लागते. डाळ-भात मऊ करून खाते, चव अर्धी कळते. उजवा गाल आत गेलाय. सोनाली परत आली, पण ती आता माझ्याशी जपून बोलते, पाहुण्यासारखी. मी मशीनवर बसले की मध्येच येऊन बघून जाते. लहान होती ती गेली. कधी गेली ते मला बघायला मिळालं नाही. सोनालीच्या पप्पांनी पुडी सोडली होती. परत सुरू केली. त्यावरून आम्ही भांडतो.

मागच्या आठवड्यात काकू ब्लाउजपीस घेऊन वर आल्या. एकशेचार पायऱ्या, मध्ये तीनदा बसल्या. म्हणाल्या, "जुनाच माप घाल. वहीत आसा मा?"

मी त्यांच्याकडे बघत होते. मीच शिवलेला ब्लाउज, माझ्याच हातचा, आणि खांद्यावरून उतरत होता.

"काकू, माप घेते."

"कित्याक? आसा मा तुझ्याकडे?"

"घेते."

टेप लावली. अडतीसच्या जागी साडेपस्तीस. मी पुन्हा लावली. तेवढंच. काकू म्हणाल्या, "म्हातारपण ता. माणूस सुकताच." मी विचारलं, जेवण जातं का? म्हणाल्या, "जाता. थोडा कमी." काट्यावर कधी चढलात? तर त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली आणि गुंडाळून ठेवली.

असेल म्हातारपण. देव करो, तेवढंच असो. पण वहीत त्यांच्या जुन्या मापाखाली मी नवं माप लिहिलंय. सोमवारी त्यांना हॉस्पिटलात घेऊन जाणार आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काकू, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते एका सोमवारने फिटणार नाही. जितके सोमवार लागतील तितके मी बाकावर बसेन, पिशवीत पेज घेऊन, तुमच्यासारखी जमली नाही तरी. तुम्ही पदर धराल, गप ऱ्हव म्हणाल. मी गप्प राहणार नाही. माझा आवाज अजून नीट आलेला नाही, पण दारात उभं राहून तेवढं सांगायला पुरेल.